कामाचा फलक जागेवरच, गाड्यांची रांग मात्र किलोमीटरभर मागे: बसच्या जीपीएसमधली माहिती वापरता येईल का?

कर्वेनगर_रातपाळी (धागाकर्ती)

पुण्यात कर्मचारी वाहतुकीच्या बस जिथून हलवल्या जातात अशा एका कंट्रोल रूममध्ये मी काम करते. हिंजवडी, तळवडे, खराडी, फुरसुंगी अशा रात्रपाळीच्या फेऱ्या असतात. समोर पडद्यावर नकाशा, त्यावर हिरव्या गाड्या, आणि कुणी कचकन ब्रेक मारला की त्या जागी लाल ठिपका उमटतो. लाल ठिपका दिसला की चालकाला फोन करून सगळं ठीक आहे ना विचारायचं आणि महिन्याच्या तक्त्यात एक नोंद वाढवायची, एवढंच माझं काम. त्या नोंदीचा याहून काही उपयोग असेल असं गेल्या हिवाळ्यापर्यंत माझ्या मनातही आलं नव्हतं.

तेव्हा मुंबई-बंगळुरू महामार्गाच्या बायपासवर वारज्याच्या अलीकडे जुनं डांबर खरवडून नवं टाकायचं काम रात्री चालायचं. एका शुक्रवारी पावणेदोनला आमच्या एका चालकाचा फोन आला. वीस वर्षं गाडी चालवणारा माणूस, आवाज कधी चढत नाही. त्या रात्री आवाज कापत होता. "ताई, टेम्पोच्या फाळक्याला हात लावता येईल एवढ्यावर थांबलो. आत सगळी पोरं झोपलेली." टेम्पोचे मागचे दिवे बंद होते. मी विचारलं, काम चालू असल्याचा फलक दिसला नाही का? ते म्हणाले, "दिसला की. पण आधी गाड्या आल्या, मग फलक आला."

पाळी संपल्यावर त्या पट्ट्यातले मागच्या चार रात्रींचे लाल ठिपके मी एकत्र काढले. पहिल्या रात्री ते कामाभोवती ठेवलेल्या प्लास्टिकच्या कोनांच्या रांगेला लागून होते. दुसऱ्या रात्री थोडे मागे. तिसऱ्या रात्री एकच लेन उघडी होती, तेव्हा ठिपके पार मागच्या पुलाच्या चढापर्यंत गेलेले. फलक चारही रात्री एकाच जागी. ज्याला इशारा हवा तो फलकापर्यंत पोचायच्या आधीच रांगेच्या शेपटाला भिडत होता.

आता मुद्द्याचं. हे लाल ठिपके फक्त आमच्याकडे नाहीत. १ जानेवारी २०१९ पासून नोंदणी होणाऱ्या प्रवासी वाहनांना, म्हणजे बस-टॅक्सी वगैरेंना, एआयएस-१४० या मानकाप्रमाणे ट्रॅकिंगचं उपकरण आणि पॅनिक बटण सक्तीचं आहे. हे मानक प्रसिद्ध करणारी एआरएआय ही वाहनांच्या चाचण्या करणारी संस्था आपल्या कोथरूडच्या टेकडीवरच आहे. ठिकाण आणि वेग तर त्या डब्यातून जातातच. जोरात ब्रेक, जोरात वेग घेणं आणि वेडंवाकडं वळण यांच्यासाठीही संदेशांचे वेगळे प्रकार ठरलेले आहेत. म्हणजे माहिती रोज तयार होते आहे, ती फक्त प्रत्येक मालकाच्या तक्त्यात पडून राहते.

अमेरिकेतल्या इंडियानात पर्ड्यू विद्यापीठाच्या लोकांनी २०१९ च्या उन्हाळ्यात महामार्गावरच्या २३ कामांजवळची अशी माहिती तपासली. वेग सेकंदाला साधारण ताशी १० किलोमीटरने किंवा त्याहून जास्त उतरला की त्याला जोराचा ब्रेक मानायचा, असा हिशेब. अशा सुमारे १४७ ब्रेकांमागे मैलाला एक अपघात, असं प्रमाण त्यांना मिळालं. मला त्या आकड्यापेक्षा त्यामागची पद्धत मोलाची वाटते. आपल्याकडे राष्ट्रीय महामार्गावर ब्लॅक स्पॉट, म्हणजे अपघातांची धोकादायक जागा, कधी ठरतो? ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर इजा झालेले पाच अपघात, नाहीतर दहा मृत्यू झाले की. रस्त्याचं काम तीन आठवड्यांत किंवा तीन महिन्यांत उरकतं. तिथला धोका कधीच ब्लॅक स्पॉटच्या यादीत येणार नाही, कारण यादी होईपर्यंत कोन उचललेले असतात. कचकन लागलेला ब्रेक मात्र पहिल्या रात्रीच नोंदला जातो.

पुण्यात हे करता येईल का? या क्षेत्रातले कुणी इथे असाल तर कृपया लिहा. मी चुकत असेन तर तेही सांगा.

जुना_मोजपट्टी

ताई, धागा काढलात ते फार बरं केलंत. मी निवृत्त स्थापत्य अभियंता. आयुष्यातली बरीच वर्षं रस्त्यावरच गेली.

कामाच्या जागेची वाहतूक कशी सांभाळायची यासाठी इंडियन रोड्स काँग्रेसची स्वतंत्र मार्गदर्शिका आहे, आयआरसी एसपी ५५, २०१४ ची आवृत्ती. त्यात रस्त्याचे चार तुकडे पाडलेत: आधी पूर्वसूचनेचा पट्टा, मग गाड्या एका बाजूला वळवण्याचा निमुळता पट्टा, मग प्रत्यक्ष काम, आणि शेवटी गाड्या पुन्हा मोकळ्या सोडण्याचा पट्टा. कोणत्या वेगाच्या रस्त्यावर फलक किती आधी हवा, कोन किती अंतरावर, सगळं लिहिलेलं आहे. कागद वाईट नाही.

अडचण तुमच्या चालकाने एका वाक्यात सांगितली. पूर्वसूचनेचं अंतर मोजतात ते कामापासून. मोकळ्या रस्त्यावर वेगात येणारा माणूस डोळ्यांसमोर ठेवून ते काढलेलं असतं. रांग लागली की ते गणित कोलमडतं. ताशी ८० ने येणारी गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. समोरची गाडी उभी आहे हे कळून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दोन सेकंद धरा, ४४ मीटर तिथेच संपले, आणि ब्रेक लागायला तर अजून सुरुवातच आहे. भरलेल्या ट्रकचं वेगळं सांगायला नको.

माझ्या नोकरीच्या काळात एका चौपदरीकरणाच्या कामावर वाहतुकीचा आराखडा मी स्वतः मंजूर केला होता. आराखडा बरोबर होता. दहा दिवसांनी काम चारशे मीटर पुढे सरकलं, फलक मात्र जुन्याच जागी राहिले, कारण ते हलवायची जबाबदारी कुणाच्या नावावर लिहिलेलीच नव्हती. तिथे एक मोटारसायकल उभ्या रोलरवर आदळली. तो मुलगा वाचला, पण पाय गेला. अजूनही आराखडा बघितला की मी सगळ्यात आधी विचारतो, रात्री दोन वाजता हा फलक हलवणारा माणूस कोण?

मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९८-अ आलं. रस्त्याची रचना, बांधणी, देखभाल मानकांप्रमाणे केली नाही आणि त्यातून मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर ठेकेदाराला, सल्लागाराला किंवा संबंधित यंत्रणेला एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. पण "मानक पाळलं नाही" हे सिद्ध कशावरून करणार? तुमचे ठिपके तिथे उपयोगी पडतील.

चाकण_ट्रेलर

माझे सहा ट्रेलर आहेत, चाकण ते बंगळुरू लाइन. स्वतः पंधरा वर्षं स्टेअरिंगवर होतो. म्हणून थोडी दुसरी बाजू.

ताईंच्या पडद्यावरचा लाल ठिपका म्हणजे ड्रायव्हरच्या पगारातली कपात, हे पण लिहा. कितीतरी ठिकाणी हार्श ब्रेकिंगच्या नोंदी मोजून इन्सेंटिव्ह कापतात. त्यामुळे काय होतं ऐका. समोर रांग दिसली तरी पोरगा ब्रेक दाबायला अर्धा सेकंद कचरतो. नाहीतर डब्याची वायर सैल करतो. दोन्ही जिवाशी खेळ. ज्या ब्रेकने जीव वाचला त्याच ब्रेकचा दंड भरायचा असेल तर खरी माहिती तुम्हाला कधीच मिळणार नाही.

दुसरं म्हणजे उतार. नवीन कात्रज बोगद्यातून दरी पुलावरून नवले पुलाकडे उतरताना काय होतं ते पुणेकरांना सांगायला नको. २०२२ च्या नोव्हेंबरात त्याच उतारावर एका अवजड गाडीने सुमारे ४८ गाड्यांना धडक दिली होती. डिझेल वाचवायला न्यूट्रल मारून उतरणारे आहेत, मी नाकारत नाही, आणि मी माझ्या ड्रायव्हरला त्यावरून रागावतो. पण इंजिन ब्रेकवर, गिअरमध्ये उतरणाऱ्यालासुद्धा उताराच्या तळाशी अचानक उभी रांग मिळाली तर तो काय करणार? सारखा ब्रेक मारून ब्रेकचे लायनर तापलेले असतात, पाय दाबला तरी गाडी धरत नाही. अशा उताराच्या खाली काम काढायचं असेल तर इशारा उताराच्या वर, बोगद्याच्या तोंडाशी हवा. खाली लावलेला कितीही चकचकीत फलक आम्हाला उपयोगाचा नाही.

दुचाकी_सिंहगडरोड

चर्चा चांगली चाललीय, पण माझा जीव थोडा तुटतोय. यात आम्ही कुठे आहोत?

केंद्राच्या अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली. त्यात साधारण ४४ टक्के दुचाकीवरची होती. दुचाकीला कुठला डबा? आणि कामाच्या जागी आमचा धोकाही वेगळा. अर्धा रस्ता खरवडलेला, मध्ये दोन-तीन इंचांची उभी कड. चारचाकीला ती जाणवतसुद्धा नाही. दुचाकीचं पुढचं चाक त्या कडेला तिरकं लागलं की माणूस खाली, आणि मागून ट्रक. त्यात कुणी ब्रेक मारलेलाच नसतो. बारीक खडीवर घसरलेल्याचंही तेच. तुमच्या नकाशावर तिथे लाल ठिपका येणार नाही, आणि उद्या कुणी म्हणेल, "माहितीप्रमाणे तो पट्टा सुरक्षित आहे."

कर्वेनगर_रातपाळी

दादा, हे मी मूळ धाग्यातच लिहायला हवं होतं. ठिपका नसणं म्हणजे धोका नसणं नव्हे. घरपोच खाणं-सामान देणाऱ्या मुलांच्या फोनमध्ये हालचाल मोजणारा सेन्सर असतो, त्यातून धक्के आणि पडणं काही प्रमाणात कळू शकतं, पण तो मार्ग लांबचा. खरवडलेल्या कडेसाठी माहितीची वाटच बघू नये. कडेला उतार देऊन ती बुजवायची आणि आधी फलक लावायचा, हे पहिल्या रात्रीच व्हायला हवं.

ट्रेलरवाले दादा, पगारकपातीचं तुमचं बोलणं मला लागलं, कारण तो तक्ता मीच भरते. मूळ पोस्टमधल्या ज्या चालकाने पोरांना वाचवलं, त्यांच्या नावावरही त्या महिन्यात एक नोंद वाढलीच होती. मी सोमवारी साहेबांशी बोलले. कामाच्या पट्ट्यातले ब्रेक चालकाच्या हिशेबात धरायचे नाहीत, एवढं तरी मान्य झालंय.

मुळशीकडून

माहितीच्या खासगीपणाचं काय? कोण कुठून कुठे गेलं हे सगळं सरकारच्या किंवा ठेकेदाराच्या हातात द्यायचं का?

कर्वेनगर_रातपाळी

नाही, आणि गरजही नाही. रस्त्याचे १००-१०० मीटरचे तुकडे करायचे, दर पंधरा मिनिटांनी त्या तुकड्यात किती जोराचे ब्रेक लागले आणि सरासरी वेग किती होता, एवढंच पुढे जाईल. गाडीचा नंबर, चालक, प्रवासाची सुरुवात-शेवट हे मालकाकडेच राहतं. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहेच, पण नको ती माहिती गोळाच केली नाही तर ती फुटायची भीतीही राहत नाही.

एक तांत्रिक अडचण मात्र खरी आहे. प्रत्येक कंपनीचा डबा "जोराचा ब्रेक" वेगळ्या मापाने ठरवतो. आमच्याकडच्याच दोन बनावटींत फरक आहे: एक जरा पाय टेकला की बोंब मारतो, दुसरा गप्प. म्हणून तयार अलर्टवर न थांबता वेगाच्या मूळ नोंदी घेऊन एकाच मापाने पुन्हा हिशेब करावा लागतो. मी आता तसंच करते.

संत्रानगरी

आमच्या नागपुरात याच्या जवळचा प्रयोग झालाय. २०२१ मध्ये आयरास्ते नावाचा प्रकल्प सुरू झाला, महापालिका, सीआरआरआय (केंद्रीय रस्ते संशोधन संस्था), इंटेल वगैरे मिळून. शहरबसमध्ये समोर कॅमेरा आणि चालकाला इशारा देणारं उपकरण बसवलं. इशारे जिथे वारंवार वाजतात त्या जागा काढून त्यांना ग्रे स्पॉट म्हटलं. अजून ब्लॅक स्पॉट झालेला नाही, पण वाट तिकडेच चाललीय, अशा जागा. म्हणजे महाराष्ट्रातल्या सार्वजनिक बसमधून अशी माहिती काढता येते हे दिसलंय. तुम्ही म्हणता त्यात भर एवढीच, की कामाच्या जागी ग्रे स्पॉट रोज सरकतो.

खेडशिवापूर_रोजचा

सगळं वाचलं. मनापासून पटतंय, म्हणूनच विचारतो. देहूरोड ते सातारा सहापदरीकरण २०१० मध्ये सुरू झालं. माझी मुलगी तेव्हा पहिलीत होती, तिचं शिक्षण संपत आलं तरी या रस्त्यावर कुठे ना कुठे पत्रे उभे असतातच. इतक्या वर्षांत एकदाही मी रांग वाढली म्हणून फलक मागे नेलेला बघितला नाही. ठिपके कळले, पुढे काय? जुना_मोजपट्टी काकांचाच प्रश्न: रात्री दोनला फलक कोण हलवणार?

जुना_मोजपट्टी

बरोबर जागी बोट ठेवलंत. उत्तर असं, की फलक हलवू नका, गाडी हलवा.

ताईंनी ज्या इंडियानाचा उल्लेख केला तिथेच रांगेच्या शेपटाच्या मागे, शोल्डरवर म्हणजे रस्त्याकडेच्या पट्टीवर, मोठा चमकता इशारा लावलेली गाडी उभी करतात. रांग वाढली की ती गाडी मागे सरकते. तिचा परिणामही त्यांनी याच ब्रेकच्या माहितीवरून मोजला: जोराचे ब्रेक सुमारे ८० टक्क्यांनी कमी झाले. गाडीवर इशारा एवढाच, की पुढे गाड्या उभ्या आहेत.

आपल्याकडे टोल असलेल्या राष्ट्रीय महामार्गावर गस्तीची गाडी, क्रेन, रुग्णवाहिका ठेवणं करारातच असतं. १०३३ या महामार्गाच्या मदत क्रमांकाला फोन केल्यावर त्याच येतात. रात्रीच्या कामावर त्यातली एक गाडी, छतावर बाणाचा दिवा, दोन माणसं आणि हातात फोन. फोनवर ताईंचा नकाशा. शेपूट कुठे आहे ते बघायचं आणि त्याच्या पुरेसं मागे उभं राहायचं. निविदेत ही वेगळी बाब म्हणून लिहा आणि रात्रीच्या हिशेबाने पैसे द्या. "सुरक्षेची व्यवस्था, एकत्रित रक्कम" असं मोघम लिहिलं की सगळ्यात आधी त्यातच काटछाट होते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

आणि उलट बाजूही हवी. आज रात्री कुठली लेन कुठून कुठपर्यंत बंद आहे हे ठेकेदाराने ठरलेल्या साच्यात रोज जाहीर केलं तर नकाशाच्या ॲपवाल्यांना ते थेट चालकाच्या कानापर्यंत नेता येईल. अमेरिकेत त्यासाठी वर्क झोन डेटा एक्स्चेंज नावाचा सगळ्यांसाठी एकच साचा केलाय. ट्रेलरवाल्यांना बोगद्याच्या तोंडाशी हवा असलेला इशारा तिथेच फोनवर वाजेल.

दुचाकी_सिंहगडरोड

गस्तीच्या गाडीला +१. तिचा दिवा दुचाकीवाल्यालाही दिसतो, त्याला कुठला डबा लागत नाही.

मुकादमाची_लेक

इथे पहिल्यांदाच लिहितेय.

माझे वडील डांबराच्या गँगवर मुकादम होते. रात्रीच्या कामाला गेले की आई सकाळी चपलांचा आवाज येईपर्यंत झोपायची नाही. तुम्ही सगळे गाडीतल्या माणसांबद्दल लिहिताय ते बरोबरच आहे. पण रांगेच्या शेपटाशी आत्ता कोण उभं असतं? लाल झेंडी घेतलेला पोरगा. गँगमधला सगळ्यात नवीन, कारण त्याला पाट्या टाकता येत नाहीत, रेकिंग येत नाही, म्हणून झेंडी. बाबा सांगायचे, झेंडीवाल्याची पाठ कधी रस्त्याकडे होऊ द्यायची नाही, आणि तो बसला तर समजायचं दमला, लगेच बदलायचा. बाकीचे कामगार पाठ करूनच काम करतात. पेव्हरच्या, म्हणजे डांबर पसरणाऱ्या यंत्राच्या, आवाजात मागून येणारी गाडी ऐकू येत नाही. दिवसा डबा खायलाही बॅरिकेडच्या आतच बसतात, कारण सावली पेव्हरचीच.

त्यांच्या बरोबरचा एक झेंडीवाला असाच गेला. तो शेपटाच्या मागे उभा होता, जिथे काका म्हणतात तिथेच. बरोबर जागी उभा होता, फक्त गाडी नव्हती, दिवा नव्हता. हातात काठीला बांधलेलं फडकं.

तुमच्या नकाशावर अचानक लाल ठिपके वाढले तर ते त्या पोरालाही कळायला हवं. त्याच्या कमरेला वाजणारं, थरथरणारं काहीतरी द्या. तेवढ्यात त्याला दोन उड्या मारून कठड्यापलीकडे जाता येईल.

कर्वेनगर_रातपाळी

ताई, तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. झेंडीवाल्याचा विचार मी केलाच नव्हता. आमच्या नकाशावर कामगार दिसतच नाहीत.

आता काय झालंय ते सांगते. वारज्याकडचं काम संपलं, पण बायपासवरच पुढे दुसरं सुरू झालंय. तिथल्या सुपरवायझरचा नंबर आमच्या एका चालकाने मिळवला. मंगळवारपासून रात्री अकरा, बारा आणि दीडला मी त्यांना नकाशाचं चित्र पाठवते: १०० मीटरचे तुकडे, जिथे ब्रेक जास्त तिथे गडद. पहिल्या रात्री उत्तर आलं नाही. दुसऱ्या रात्री विचारलं, "हे खरं आहे का?" तिसऱ्या रात्री त्यांनी पिकअपवर ब्लिंकर बांधून ती पाचशे मीटर मागे उभी केली आणि मला फोटो पाठवला. आमच्या दीडच्या बसच्या चालकाने फोन करून सांगितलं, "आज आधी दिवा आला, मग गाड्या आल्या."

अडचण आमच्या गाड्यांच्या संख्येची आहे. बारा ते दोनमध्ये त्या पट्ट्यातून आमच्या मोजक्याच बस जातात, एखाद्या पंधरा मिनिटांत एकही नसते. तेवढ्यात रांग वाढली तर मला दिसत नाही. रात्री त्या रस्त्यावर ट्रकच जास्त असतात.

चाकण_ट्रेलर

माझ्या सहा गाड्यांची माहिती देतो. आमच्या संघटनेतले आणखी चार-पाच जण तयार होतील, मी बोलतो. अट एकच, ड्रायव्हरच्या नावावर काही लागता कामा नये.

कर्वेनगर_रातपाळी

नाही लागणार. फाइलमध्ये वेळ, ठिकाण आणि वेग एवढेच रकाने ठेवा. गाडी नंबरचा रकाना तुमच्याकडेच पुसा आणि मगच पाठवा, म्हणजे तो माझ्यापर्यंतही यायला नको.

जुना_मोजपट्टी

शनिवारी रात्री मी त्या कामावर येतो. सुपरवायझरना सांगून ठेवा, मोजपट्टी माझी मी आणतो. आणि मुकादमाची_लेक, तुम्हाला जमणार असेल तर तुम्हीही या. झेंडीवाला कुठे उभा करायचा ते तुमच्या वडिलांच्या पद्धतीने ठरवू.